दादाच्या दाढेचं माप

आमच्या घराण्याला आजवर मुकुट लाभला नव्हता. राजे आले नि गेले, सिंहासनं उलथली, नकाशांवरच्या रेघा बदलल्या, आणि आम्ही मात्र पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या कोटांना अस्तर लावत बसलो. अखेर इतिहासाला आमची दया आली आणि मुकुट आमच्या दारी चालत आला. तो माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, खालच्या जबड्यातल्या डावीकडच्या मागून दुसऱ्या दाढेवर बसायचा होता.

दातांचे डॉक्टर त्याला क्राउन म्हणतात. साधी माणसं कॅप म्हणतात. दादाने पहिला शब्द ऐकला आणि दुसरा ऐकायला साफ नकार दिला. "कॅप रखवालदार घालतो," तो म्हणाला.

दाढ मोडली ती कर्तव्य बजावताना. बटण खऱ्या शिंगाचं आहे की प्लास्टिकचं, हे दादा चावून ओळखतो. चाळीस वर्षांत त्याचा अंदाज चुकलेला नाही. परवा एका गिऱ्हाइकाने कोटासाठी स्वतःची बटणं आणली आणि ती शिंगाचीच असल्याचं छातीवर हात ठेवून सांगितलं. दादाने त्यातलं एक दाढेखाली घेतलं. कट्‌ असा आवाज झाला. वरच्या मुलाम्याखाली पितळ निघालं. "प्लास्टिक नाही," दादाने आधी निकाल दिला आणि मग तळहातावर दाढेचा एक कोपरा काढून ठेवला. त्या दाढेत फार जुनं चांदीचं फिलिंग होतं. ते आता एका बाजूने उघडं पडलं होतं.

दुसऱ्या कुठल्या घरात हळहळ झाली असती. आमच्याकडे आनंदीआनंद झाला. कारण बॉबिन.

बॉबिन म्हणजे माझी मुलगी. लहानपणी शिलाईच्या मशीनभोवती मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखी दिवसभर गरगर फिरायची म्हणून आमच्या काजवाल्याने ठेवलेलं हे नाव. काजवाला आमच्या दुकानात तीस वर्षं फक्त काजं करतो आणि नावं ठेवतो. तर ही बॉबिन दातांची डॉक्टर झाली, दोन वर्षं एका मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली राहिली आणि आठच दिवसांपूर्वी तिने आमच्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे स्वतःचा दवाखाना थाटला. खुर्ची झकास होती. वर जायची, खाली जायची, पाठ टेकायची. पण तिच्यात आजवर फक्त खुर्ची बसवायला आलेला माणूस बसला होता, तोही दमला म्हणून.

आणि आता पहिला पेशंट, तोही दादा! दादा म्हणजे आमच्या भागातलं चालतंबोलतं आकाशवाणी केंद्र. रोज वीस-तीस माणसं त्याच्यासमोर हात पसरून उभी राहतात, आणि गळ्याभोवती टेप असताना कुणाला निघून जाता येत नाही. दादाची दाढ नीट झाली तर महिन्याभरात दवाखान्याबाहेर रांग लागणार. बिघडली तर बॉबिनने खुर्ची उचलून परगावी जावं हे उत्तम.

"बाबा," सकाळी दवाखाना उघडताना ती मला म्हणाली, "आजवर अडलं की मागे वळून सरांना विचारायचे. आज मागे वळले तर भिंत आहे. उगाच क्राउन बसवला तर चांगली दाढ घासल्याचं पाप. गरज असून नाही बसवला तर दाढ उभी चिरणार. काका आयुष्यभर त्या बाजूने जेवणार नाहीत आणि मी आयुष्यभर त्यांच्यासमोर जेवणार नाही."

"घाबरतेस कशाला? तपासायचं आणि ठरवायचं."

"ठरवायचं कुठे? तुम्ही सगळ्यांनी आधीच ठरवलंय!"

ते खरं होतं. कापड हातात यायच्या आधी तारीख द्यायची ही आमच्या धंद्याची रीत. दादाने आल्या-गेल्याला सांगून टाकलं होतं, "आज माप, पुढच्या गुरुवारी ट्रायल, त्याच्या पुढच्या गुरुवारी क्राउन अंगावर." वहिनीने त्याला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. काजवाल्याने सुट्टी मागितली नाही, घेतली. आमची ही दुकान सांभाळायला मागे राहिली, पण तिने माझा फोन चालू ठेवायला लावला होता आणि दर दहा मिनिटांनी ती एकच प्रश्न विचारायची, "बसला का?"

"आत पेशंटबरोबर एकानेच यावं," बॉबिनने दारात सांगितलं.

"अगदी बरोबर," वहिनी म्हणाली, आणि आम्ही सगळे आत गेलो.

दादा खुर्चीत बसला. पाठ मागे गेली, पाय वर आले, डोक्यावरचा दिवा लागला. काजवाल्याने टाळी वाजवली आणि बॉबिनने बघताच हात खिशात घातले. तिने फोटो काढला, तो पडद्यावर आला. मुळं स्वच्छ होती, नस जिवंत होती. मग तिने जुनं फिलिंग काढून टाकलं. आता दाढेत एक खड्डा उरला आणि त्याच्या तीन बाजूंना तीन भिंती. चौथी घरी काडेपेटीत होती. दादाने ती जपून ठेवली होती, कशाला ते विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

"आता मी एकेका कोपऱ्यावर ही काडी ठेवीन," बॉबिन म्हणाली. "चावायचं आणि सोडायचं. सोडताना कळ आली तर भिंतीला चीर असू शकते. मग क्राउनचा विचार."

"आई गं!" दादा ओरडला.

"अजून काडी ठेवली नाही, काका."

"म्हणून म्हणतो, बघ किती दुखतंय."

तिने पहिल्या कोपऱ्यावर काडी ठेवली. दादा विव्हळला. दुसऱ्यावर ठेवली, दादाने खुर्चीचा हात धरून डोळे फिरवले. मग तिने गंमत म्हणून शेजारच्या धडधाकट दाढेवर ठेवली. दादाने वहिनीला शेवटचं बघून घेतलं.

"काका, ही दाढ ठणठणीत आहे."

"मग हिलाही एक बसव," काजवाला म्हणाला. "जोडी होईल."

बॉबिनने काडी फेकून दिली. "पेशंटच्या तोंडावर विसंबण्यात अर्थ नाही. मोजू या. क्राउन नको असेल तर भिंती दोन मिलिमीटरच्या खाली असून चालत नाहीत. त्याहून पातळ भिंत चावण्याच्या जोराने कधी ना कधी जाते." तिने चिमट्यासारखा एक काटा काढला आणि इकडेतिकडे पाहिलं. मदतनीस अजून नेमायची होती. "बाबा, जरा वही घेता?"

माझी छाती दोन इंच फुगली. चाळीस वर्षं दादा माप घेतो आणि मी लिहितो. तो आकडा ओरडतो, मी तोच परत ओरडतो, मग लिहितो. मोजणाऱ्याने आकडा डोक्यात ठेवायचा नाही, त्याने फक्त पुढच्या मापाकडे बघायचं, असा आमच्या वडिलांचा दंडक. बॉबिन याच गजरात वाढली.

"बाहेरची भिंत, पावणेदोन!"

"पावणेदोऽन!" मी ओरडलो.

"मागची, दीड!"

"दीऽड!"

"आ आ आ," दादा म्हणाला. उघड्या तोंडानेही त्याला आकडा परत म्हटल्याशिवाय राहवेना.

"पुढची, दोन!"

"दोऽन!" यावेळी वहिनी आणि काजवालाही सामील झाले. बाहेर रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबून आत डोकावला.

बॉबिनने वही घेतली. आकडे पाहिले, पुन्हा पाहिले. एक मोठा श्वास घेतला आणि खुर्ची सरळ केली.

"काका, क्राउनची गरज नाही."

खोलीत कुणीतरी दिवा घालवल्यासारखं झालं. वहिनी मटकन स्टुलावर बसली. माझ्या खिशात फोन वाजला. "बसला का?" मी फोन ठेवून दिला.

"गरज नाही म्हणजे?" दादा म्हणाला. "मी मागतोय ना? गिऱ्हाईक मागतंय!"

"तिन्ही भिंती दोन किंवा जास्त आहेत. चांगलं फिलिंग भरते, वर्षानुवर्षं जाईल. क्राउनसाठी दाढ चारी बाजूंनी घासावी लागते, काका. एकदा घासली की परत येत नाही."

"घास की! दाढ माझी आहे."

"हो, पण हात माझा आहे." तिने काटा ट्रेमध्ये ठेवला. "मागे एक माणूस चांगला लोकरी कोट घेऊन आला होता, फाडून जॅकेट शिव म्हणाला. तुम्ही काय केलंत?"

दादाने डोक्यावरच्या दिव्याकडे डोळे लावले.

"सांगा ना."

"हाकलला," दादा पुटपुटला.

"का?"

"चांगल्या कापडाला कात्री लावत नाही मी."

"मग मी कशी लावू?"

काजवाल्याने तोंडात बोट घातलं. दादाला गप्प करणारं माणूस आमच्या घरात आजवर जन्माला आलं नव्हतं. दादाने तिच्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, मग मान हलवली. "भर," तो म्हणाला. "पोरगी कारागीर आहे." वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. काजवाल्याच्याही आलं, पण तो कशानेही रडतो. बॉबिन पाठमोरी वळून फिलिंगचं सामान मांडायला लागली, आणि तिची मान मला इतकी ताठ कधीच दिसली नव्हती. हिला आता कुणाची सोबत नको, मी मनात म्हणालो, आणि अभिमानाने सहज वहीकडे पाहिलं.

सव्वादोन. दोन. अडीच.

मी पुन्हा पाहिलं. अक्षर माझंच होतं. आणि मगाशी मी ओरडलो होतो ते आकडे होते पावणेदोन, दीड, दोन.

आमच्या दुकानात मी आकडा परत ओरडतो तो जसाच्या तसा. लिहिताना मात्र त्यात अर्धा मिळवतो. शिलाईच्या आत दडवायला जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला आम्ही माया म्हणतो, आणि ती धरण्याचं काम माझं. चाळीस वर्षं मी विचार न करता अर्धा मिळवत आलोय. आज मी सख्ख्या भावाच्या दाढेलाही माया धरली होती.

बॉबिनने सिमेंट कालवायला घेतलं. मी उभा राहिलो, बसलो, परत उभा राहिलो. गप्प राहिलो तर फिलिंग बसेल, टाळ्या पडतील, पोरीचा पहिला निर्णय दिमाखात पार पडेल, आणि कधीतरी दादा कुणाचं तरी बटण चावेल. बोललो तर आत्ता, सगळ्यांसमोर, तिची ती ताठ मान...

"बॉबिन."

"बाबा, आत्ता नको, हे घट्ट होतं लगेच."

"बॉबिन, मी माया धरली."

तिचा हात थांबला. दवाखान्यात दुसऱ्या कुणी हे वाक्य ऐकलं असतं तर त्याला बाप हळवा झालाय असं वाटलं असतं. शिंप्याच्या पोरीला क्षणात कळलं.

"किती?"

"अर्धा."

"प्रत्येक मापाला?"

"प्रत्येक. मी भेदभाव करत नाही."

तिचे कान लाल झाले. मला वाटलं आता मला बाहेर काढणार, आणि मी चपला शोधायला लागलो. पण ती वळून दादासमोर उभी राहिली. "काका, थांबा. मी चुकले. आकडे मीच घेतले आणि मीच विसरले. मी सांगितलेलं मागे घेते."

मी चुकले! आमच्या दुकानात हा शब्द कुणी उच्चारलेला माझ्या ऐकिवात नाही. आमच्याकडे कोट तोकडा झाला तर कापड आटलेलं असतं, नाहीतर गिऱ्हाईक वाढलेलं असतं. वहिनी तर बघतच राहिली.

"मग?" दादाने विचारलं.

"यावेळी मीच मोजणार, मीच लिहिणार. आणि कुणीही ओरडणार नाही."

आम्ही ओठ मिटून उभे राहिलो. काजवाल्याला ते फार जड गेलं. तिने काटा लावला, लिहिलं, परत लावला, परत लिहिलं. पावणेदोन. दीड. दोन. "दोन भिंती कमी भरतात," ती म्हणाली. "क्राउन लागेल असं दिसतंय."

"आलाऽ!" काजवाला ओरडला. वहिनीने मला मिठी मारली, मग मी दीर असल्याचं आठवून सोडली. फोन वाजला, मी उचलून "बसतोय, बसतोय!" म्हणालो, आणि पलीकडून दुकानातल्या गिऱ्हाइकांचा जल्लोष ऐकू आला.

"नाही," दादा म्हणाला.

काजवाल्याचे वर गेलेले हात वरच राहिले.

"चांगल्या कापडाला कात्री नाही. आत्ताच ठरलंय. मला पटलंय ते." त्याने हात छातीवर बांधले. "मला क्राउन नको. ठिगळ भर."

"अहो, आता ती म्हणतेय ना लागेल म्हणून!" वहिनी म्हणाली. "दोन दिवस डोकं खाल्लंत की आमचं!"

"तेव्हा मी अडाणी होतो."

बॉबिनने परत काडी काढली. "चावा. आता सोडा. कळ आली?"

"अजिबात नाही," दादा म्हणाला. त्याच्या डाव्या डोळ्यातून टपकन पाणी गालावर आलं.

"काका, डोळा रडतोय."

"उकडतंय."

बॉबिनने कपाळाला हात लावला, पण मग एकदम तिचा चेहरा उजळला. "बाबा, दिवे घालवा. पडदा ओढा. सगळे घालवा!"

मी धावत बटणं दाबली. अंधार झाला. तिने पेन्सिलीएवढा एक बारीक दिवा दादाच्या दाढेच्या कडेला टेकवला, आणि दादाचा गाल आतून तांबडालाल झाला.

"अगंबाई, यांच्या तोंडात दिवेलागण झाली!" वहिनी म्हणाली.

"हलू नका." बॉबिनने फोन जवळ नेऊन फोटो काढला. दिवे लागले. तिने दादाला चष्मा दिला आणि फोन त्याच्या हातात ठेवला. "आता मला डॉक्टर समजू नका. कापड दाखवायला आणलंय असं समजा. उजेडात धरलंय. काय दिसतं?"

दादाने फोन जवळ घेतला, मग हातभर लांब धरला. विकत घ्यायच्या आधी ठाण उन्हात धरताना त्याचा चेहरा होतो तसाच झाला. दाढेची एक बाजू दुधी काचेसारखी उजळली होती. मग एक बारीक उभी रेघ होती, आणि त्या रेघेच्या पलीकडे उजेड पोचतच नव्हता.

"विरलंय," दादा हळूच म्हणाला.

"आणि ही रेघ?"

"चिरलंय. उभं." त्याने बोटाने फोटो मोठा केला. "अजून आरपार गेलेलं नाही. पण ताण आला की जाईल."

"ठिगळ लावलं तर?"

आम्ही श्वास रोखला. बॉबिनचाही श्वास रोखलेला मला दिसत होता. तिला उत्तर माहीत होतं, पण ते या माणसाच्या तोंडून यायला हवं होतं.

"ठिगळ टिकेल," दादा म्हणाला. "कडेचं कापड फाटेल." त्याने चष्मा काढला. "याला सगळीकडून गवसणीच घालायला हवी. तुझ्या भाषेत काय म्हणतात ते. आता मी मागतो म्हणून नाही, बरं का. कापडच मागतंय."

"हेच," बॉबिन म्हणाली, आणि इतकी मोठ्याने हसली की तोंडावरचा मास्क नाकावरून खाली आला. "अगदी हेच, काका!"

मग जी धांदल उडाली! खुर्ची परत मागे गेली. काजवाला दारात उभा राहून रस्त्यावरच्या त्या थांबलेल्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगू लागला. वहिनीने दादाच्या शर्टाची कॉलर सारखी केली, जणू दाढ कॉलरमधून दिसणार होती. मी फोन कानाला लावून दुकानाला घडामोडी कळवत होतो. दुकानातल्या गिऱ्हाइकांपैकी दोघांनी स्वतःच्या दाढा दाखवायला कधी येऊ, असं विचारलं होतं. बॉबिनने हातमोजे बदलले, सुई भरली, दिव्यासमोर धरून एक थेंब उडवला.

"काका, आधी जागा बधिर करते. मग घासायला सुरुवात. पुढे माप, आणि ते मी लिहीन. मग ट्रायल. तुमच्याच गुरुवारी."

दादाने डोळे मिटले. चाळीस वर्षं तो कारागिरासमोर कापड पसरतो, खडूची रेघ शेवटची तपासतो आणि एकच शब्द म्हणतो. त्या शब्दानंतर कुणाला मागे फिरता येत नाही. आमच्या सगळ्या धंद्यात त्याच्याइतका गंभीर शब्द नाही. बॉबिन खाली वाकली. दादाने श्वास घेतला, आणि भरदार आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा, तो म्हणाला,

"काप!"

काहीच झालं नाही. सुई जागच्या जागी होती. एक क्षण गेला, दोन गेले. वहिनीने मान उंचावून पाहिलं.

"काका," बॉबिन हळूच म्हणाली, "तेवढं माझं मनगट सोडा."